औसा रस्त्यावरचे हॉटेल आणि सायकलस्वाराची न्याहारी

लातूरहून औशाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, औसा जवळ येत असताना, कडुलिंबाच्या सावलीत पत्र्याचे छप्पर टाकलेले एक चहा-नाश्त्याचे हॉटेल आहे. त्यावर नावाची पाटी नाही, नवरा-बायको (आम्हा गिऱ्हाइकांचे दादा आणि मावशी) मिळून ते चालवतात, आणि रविवारी सकाळी झाडाच्या बुंध्याला टेकवून ठेवलेल्या सायकलींवरून ते लांबूनच ओळखता येते. औशाच्या किल्ल्यापर्यंत जाऊन परतणारे लातूरचे हौशी सायकलस्वार बहुधा परतीच्या वाटेवर येथे थांबतात. तोपर्यंत त्यांचे पंचवीसेक किलोमीटर झालेले असतात आणि पंधरा उरलेले असतात. म्हणून या हॉटेलचे परीक्षण करताना मी केवळ चव आणि दर पाहिलेला नाही. दीड तास घाम गाळून आलेल्या शरीराची जी तूट झाली आहे ती येथे कितपत भरून निघते, आणि जे खाल्ले ते घेऊन चढत्या उन्हात उरलेले अंतर सुखाने कापता येते का, हाच माझा निकष आहे. या निकषावर या भागात याहून चांगले ठिकाण मला माहीत नाही. त्याचे श्रेय येथील सुशीलेला, म्हणजे भिजवून फोडणीला टाकलेल्या मुरमुऱ्यांना, आहेच, पण त्याहून अधिक येथे पदार्थ ज्या क्रमाने समोर येतात त्या क्रमाला आहे.

बहुतेक हॉटेलांत सायकल लावताच पहिला प्रश्न येतो तो "चहा किती?" असा. येथे टेबलावर आधी स्टीलचा जग, ग्लास, लिंबाच्या फोडी आणि मिठाची वाटी येते. मी एकदा बसल्या बसल्या पोह्यांची चौकशी केली, तेव्हा मावशींनी जग पुढे सरकवत सांगितले, "ताई, आधी पाणी घ्या, मग खायचं बघू." हा केवळ आदरातिथ्याचा भाग नाही, शरीराच्या दृष्टीनेही हाच क्रम योग्य आहे. मध्यम वेगाने सायकल चालवताना माणसाच्या अंगातून तासाला साधारण अर्धा ते एक लिटर घाम जातो आणि एप्रिल-मेमध्ये मराठवाड्याच्या उन्हात तो दीड लिटरपर्यंतही जाऊ शकतो. घामाबरोबर मीठही जाते. माणसागणिक फरक मोठा असला, तरी एक लिटर घामात सोडियमचे प्रमाण ढोबळमानाने एक ग्रॅमच्या आसपास धरतात. टी-शर्टच्या पाठीवर पांढरी रेघ उमटते ती याच मिठाची असते. ज्यांच्या कपड्यांवर ती ठळक उमटते त्यांनी वाटीतले मीठ इतरांपेक्षा थोडे सढळ हाताने घ्यावे. रक्तदाबामुळे डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितले असेल, त्यांनी मात्र आपले प्रमाण डॉक्टरांनाच विचारून ठरवावे.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे मला आवश्यक वाटते. तहान लागलेली असताना साधे पाणी कितीही प्यावे, त्याने अपाय होत नाही, असा समज आपल्याकडे पक्का आहे. अल्प वेळाच्या सायकलिंगला तो चालून जातो, पण कित्येक तास घाम गाळत राहून केवळ साधे पाणी भरमसाट पीत गेल्यास रक्तातील सोडियमचे प्रमाण धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते. डोके दुखणे, मळमळ, गोंधळल्यासारखे होणे ही त्याची लक्षणे उन्हाच्या त्रासासारखीच दिसतात, आणि मग तो माणूस आणखी पाणी पितो. चाळीस किलोमीटरच्या फेरीत असा प्रसंग सहसा येत नाही. तरीही पाण्याबरोबर मीठ घेण्याची सवय याच छोट्या फेऱ्यांत लागली तर पुढे मोठ्या अंतराला ती उपयोगी पडते.

पाणी जारचे असते आणि सायकलच्या बाटल्या विनामूल्य भरून मिळतात. 2016 च्या एप्रिलमध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या परिसरात अनोळखी माणसाची बाटली न विचारता भरून देण्याचे मोल काय आहे, हे येथील माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. अर्धी बाटली रस्त्यावर ओतून ताजे पाणी भरून घेणारे सायकलस्वारही मी येथे पाहिले आहेत. ते पाहून मला वाईट वाटते. जुने पाणी नको असेल तर ते निदान कडुलिंबाच्या बुंध्याशी तरी ओतावे.

पाण्यानंतर ताक येते, आणि माझ्या मते या हॉटेलचा सर्वांत उपयुक्त पदार्थ तोच आहे. ताक घरचे, पातळ आणि रवीने घुसळलेले असते. त्यात जिरेपूड आणि मीठ घातलेले असते, साखर नसते. पाव चमचा मीठ म्हणजे साधारण पाचशे मिलिग्रॅम सोडियम, हे लक्षात घेतले तर नीट मीठ घातलेल्या ताकाचे दोन ग्लास सकाळच्या घामाचा बराच हिशेब चुकता करतात. शिवाय त्यात पाणी आणि थोडी प्रथिनेही मिळतात आणि पोट जड होत नाही. ताकात मीठ नेहमी सारखे पडत नाही, ही एक त्रुटी आहे. काही वेळा ते इतके अळणी असते की वाटीतले मीठ वरून घालावे लागते, आणि उन्हाळ्यात साडेनऊनंतर ते आंबटही होते. लवकर पोहोचणाऱ्याला ते उत्तम मिळते.

आता सुशीलेविषयी. मराठवाड्याबाहेरच्या मित्रांना ती भेळेचा ओला प्रकार वाटते, परंतु ती चांगली जमण्यासाठी हाताला जी सवय लागते ती मी येथे कढईजवळ उभी राहून पाहिली आहे. मावशी परातीत मुरमुरे घेतात, त्यावर पाणी ओततात आणि लगेच मूठ-मूठ पिळून बाजूला काढतात. पाण्यात ते क्षणभर जास्त राहिले तर त्यांचा लगदा होतो, कमी राहिले तर आतून कोरडे राहून घशाला टोचतात. तोपर्यंत कढईत मोहरी, जिरे, हिरवी मिरची, कढीपत्ता आणि शेंगदाणे तडतडलेले असतात. मग कांदा पडतो, हळद पडते, पिळलेले मुरमुरे पडतात, मीठ आणि चिमूटभर साखर जाते, आणि सर्वांत शेवटी डाळव्याचे पीठ भुरभुरून झाकण ठेवले जाते. हे पीठ मुरमुऱ्यांतले उरलेसुरले पाणी शोषून घेते, त्यामुळे दाणा मोकळा राहतो. ज्या हॉटेलांत डाळवे महाग पडते म्हणून त्यात काटकसर होते, तेथील सुशीला ओलसर आणि पचपचीत लागते. येथे तसे होत नाही. वर लिंबू आणि कोथिंबीर असते. शेव हवी का, असे विचारले जाते, ती न विचारता घातली जात नाही, हेही मला आवडते.

सायकलस्वारासाठी हा पदार्थ इतका योग्य का, हे थोडे तपशिलाने सांगते. आपल्या स्नायूंत आणि यकृतात मिळून साधारण चारशे ते पाचशे ग्रॅम कर्बोदके ग्लायकोजेनच्या रूपात साठवलेली असतात. तासाभराच्या फेरीला हा साठा भरपूर होतो आणि पाण्याखेरीज काही लागत नाही. त्यापुढे मात्र दर तासाला तीस ते साठ ग्रॅम कर्बोदके पोटात जात राहिली तर पाय शेवटपर्यंत साथ देतात. रात्रभराच्या उपासाने यकृतातील साठा बराच उतरलेला असतो, आणि आपल्याकडे पुष्कळ जण केवळ कपभर चहा घेऊन सायकलवर बसतात. परतीच्या वाटेवर हात थरथरणे आणि उगाच चिडचिड होणे सुरू होते, त्याचे कारण बहुधा हेच असते. सुशीलेच्या एका प्लेटमध्ये कोरडे मुरमुरे पन्नासेक ग्रॅम धरले, तर त्यातून चाळीस ते पंचेचाळीस ग्रॅम कर्बोदके मिळतात. मुरमुरे फुगवलेल्या तांदळाचे असल्यामुळे ती लवकर पचतात. तांदूळ भाजण्यापूर्वी त्याला मिठाचे पाणी लावलेले असते, त्यामुळे मीठही थोडे मिळते. तेल माफक असते. एक प्लेट खाऊन दहा-पंधरा मिनिटे बसले की पुन्हा सायकलवर बसताना पोटात ओझे वाटत नाही आणि उरलेल्या अंतराची सोय झालेली असते. दर पंचवीस रुपये आहे. एनर्जी जेलच्या छोट्या पाकिटातून बहुधा वीस ते पंचवीस ग्रॅम कर्बोदके मिळतात आणि त्याची किंमत यापेक्षा कितीतरी जास्त असते. जेलला माझा विरोध नाही. तेरा तास तीस मिनिटांत दोनशे किलोमीटरची ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी) पूर्ण करणाऱ्याला खिशात मावणारे आणि चालत्या सायकलवर खाता येणारे काहीतरी लागतेच. रविवारच्या औसा फेरीला मात्र त्याची गरज नाही.

पोहेही येथे मिळतात आणि ते चांगले असतात. पौष्टिकतेच्या दृष्टीने सुशीलेच्या जवळपासच आहेत, त्यामुळे निवड आवडीवर सोडावी. श्रावणात आणि एकादशीला साबुदाण्याची खिचडी असते. साबुदाणा जवळजवळ शुद्ध पिष्टमय आहे, तेव्हा उपवास करणाऱ्या सायकलस्वाराची अडचण होत नाही, फक्त तुपाचा हात आवरायला सांगावे.

या सर्व पदार्थांत उणीव आहे ती प्रथिनांची. शेंगदाणे आणि डाळवे धरूनही सुशीलेच्या प्लेटमधून आठेक ग्रॅमपेक्षा अधिक प्रथिने मिळत नसावीत. व्यायामानंतर स्नायूंच्या दुरुस्तीसाठी एका वेळी वीस ते पंचवीस ग्रॅम प्रथिने घ्यावीत असे सांगितले जाते. ती येथेच मिळाली पाहिजेत असा माझा आग्रह नाही, कारण घरी गेल्यावर वरण, उसळ, दही किंवा अंडी यांतून ती सहज भरून निघतात. तूरडाळीच्या व्यापारासाठी ओळखल्या जाणाऱ्या लातुरात वरणाची वानवा असण्याचे कारण नाही. तरीही मोड आलेल्या मटकीची उसळ वाटीभर ठेवली तर ती सुशीलेबरोबर छान जाईल, असे मी दादांना सुचवले आहे. उकडलेली अंडी ते ठेवणार नाहीत, आणि त्यांचे कारण मला मान्य आहे: कढया-भांडी एकच आहेत आणि माळकरी गिऱ्हाईक बरेच आहे.

भजी हा येथील सर्वाधिक खपाचा पदार्थ आहे आणि सायकलस्वारांनी टाळावा असाही तोच आहे. मिरची भज्याचा वास रस्त्यापर्यंत येतो, पहिला घाणा निघाला की त्यावर उड्या पडतात, आणि चवीला ती खरोखर उत्तम असतात. परंतु तळलेल्या पदार्थातील तेल पोट रिकामे होण्याचा वेग मंदावते. त्यामुळे भजी खाऊन उन्हात पंधरा किलोमीटर चालवताना करपट ढेकर, मळमळ आणि पोटात पेटके येणे हे त्रास ओढवून घेतले जातात. दुसरे कारण तेलाचे आहे. तेच तेल पुन्हा पुन्हा तापवले जाते, हे त्याच्या काळसर रंगावरून आणि कढईवर उठणाऱ्या धुरावरून कळते. या बाबतीत हे हॉटेल इतर हॉटेलांहून वेगळे नाही. ते वेगळे असावे असे मला मनापासून वाटते. भजी खायचीच असतील तर बांधून घेऊन घरी खावीत.

चहाबद्दल मात्र उगाच भीती बाळगली जाते. चहाने शरीरातले पाणी कमी होते असे अनेक जण सांगतात, परंतु ज्यांना रोज चहाची सवय आहे त्यांच्या बाबतीत एक-दोन कपांनी असे काही घडत नाही. चहातल्या पाण्याची भर पडतेच. कॅफिनमुळे थकवा थोडा कमी जाणवतो, हेही खरे आहे. येथील चहा आल्याचा, दाट आणि फार गोड असतो. मागितला तर कमी साखरेचा मिळतो, पण त्यासाठी वेगळे आधण ठेवावे लागते आणि गर्दीच्या वेळी तेवढा धीर धरावा लागतो. ताक आणि नाश्ता झाल्यावर अर्धा कप, एवढेच त्याचे स्थान असावे.

उन्हाळ्यात हॉटेलशेजारी रसवंती लागते. तिचा मालक वेगळा असला तरी लोक एकाच बाकावर बसून दोन्हीकडचे घेतात, म्हणून तिच्याविषयीही लिहिते. उसाच्या रसातील साखर म्हणजे सुक्रोज, आणि ते पचताना निम्मे ग्लुकोज व निम्मे फ्रुक्टोज होते. या दोन शर्करा आतड्यातून वेगवेगळ्या मार्गांनी शोषल्या जातात. खेळाडूंच्या महागड्या पेयांत त्यांचे मिश्रण मुद्दाम करतात ते याचसाठी. मग रस हेच आदर्श पेय का मानू नये? अडचण त्याच्या दाटपणाची आहे. खेळाडूंच्या पेयात साखर साधारण सहा ते आठ टक्के ठेवतात, तर रसात ती बहुधा त्याच्या दीड ते दोन पट असते. इतके गोड पेय एकदम घोटले की ते पोटात रेंगाळते आणि तहान भागल्यासारखी वाटत नाही. लिंबू आणि मीठ घालून, तेवढेच पाणी मिसळून, बर्फाशिवाय घेतला तर रस फार चांगला लागतो आणि तितकाच उपयोगीही पडतो. बर्फाला मी स्पष्ट नाही म्हणते, कारण पोत्यात गुंडाळून येणारी लादी कोणत्या पाण्याची आहे हे सांगता येत नाही. मधुमेह असलेल्यांनी रसाच्या वाटेला न जाता ताकच घ्यावे.

हॉटेलच्या फ्रीजमध्ये शीतपेयांबरोबर फळांच्या स्वादाची खोक्यातली पेये ठेवलेली असतात आणि त्यांना सायकलस्वार सर्रास "ओआरएस" (शरीरातून गेलेले पाणी आणि क्षार भरून काढणारे द्रावण) म्हणून मागतात. हा घोळ गंभीर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार एक लिटर ओआरएसमध्ये साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज, 2.6 ग्रॅम मीठ, दीड ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि 2.9 ग्रॅम सायट्रेट असते. ते चवीला खारट लागते. गोड खोक्यांत साखर याच्या कितीतरी पट आणि मीठ फारच कमी असते. या सूत्रात न बसणाऱ्या पेयांनी आपल्या नावात किंवा वेष्टनावर ओआरएस हा शब्द वापरू नये, असा आदेश देशाच्या अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने ऑक्टोबर 2025 मध्ये काढला आहे. गिऱ्हाइकाच्या तोंडची सवय आदेशाने बदलत नाही, म्हणून आपणच वेष्टन वाचून घ्यावे. औषधाच्या दुकानात मिळणारी खऱ्या ओआरएसची पुडी लिटरभर पाण्यात पूर्ण विरघळवून सोबत नेणे हा उन्हाळ्यातील उत्तम उपाय आहे आणि या एका बाबतीत ती ताकापेक्षाही सरस ठरते, कारण ती उन्हात आंबत नाही. पुडी अर्धी वापरून अंदाजाने पाणी घालू नये, सगळा उपयोग प्रमाणावर अवलंबून आहे. ओआरएसमधून ताकद मात्र फारशी मिळत नाही, तेव्हा सोबत केळे असू द्यावे. मध्यम आकाराच्या केळ्यात पंचवीसेक ग्रॅम कर्बोदके असतात. नांदेडकडच्या अर्धापूरच्या केळ्यांचे घड दादांनी खांबाला टांगून ठेवले तर ते हातोहात खपतील, याची मला खात्री आहे.

स्वच्छता आणि वेळ या दोन गोष्टी सुधारायला हव्यात. ग्लास एकाच बादलीत बुचकळून धुतले जातात आणि नऊच्या सुमारास त्या बादलीतले पाणी पाहवत नाही. मी माझ्या बाटलीतूनच पाणी पिते आणि ताकही त्याच बाटलीच्या झाकणात घेते, यावर मावशींना राग येत नाही. दुसरे म्हणजे हॉटेल साडेसहाच्या आत उघडत नाही. मे महिन्यात सहाच्या आधी निघणारे सायकलस्वार औशाकडे जाताना येथे काही घेऊ शकत नाहीत, त्यांनी निघण्यापूर्वीच घरी केळे किंवा गूळ-पोळी खाऊन निघावे.

सर्वांत मोठी उणीव मी शेवटी लिहीत आहे, कारण ती या एका हॉटेलची नाही. येथे स्वच्छतागृह नाही. औसा रस्त्यावरच्या नाश्त्याच्या बहुतेक हॉटेलांत ते नाही. त्याचा परिणाम असा होतो की आमच्या गटातील बायका सायकलिंगच्या आदल्या रात्रीपासून पाणी कमी पितात, वाटेत केवळ ओठ ओले करतात, आणि एवढे चांगले ताक समोर आले तरी अर्धा ग्लास घेऊन थांबतात. डोकेदुखी, पायात गोळे येणे, लघवीच्या जागी जळजळ, हे सगळे त्या निमूटपणे सोसतात. पुरुष मित्रांना याची कल्पनाही नसते. त्यांना वाटते की आम्हांला तहानच कमी लागते. मी दादांशी यावर बोलले. जागा रस्त्याच्या हद्दीत येते, त्यामुळे पक्के बांधकाम करता येत नाही, ही त्यांची अडचण खरी आहे. मागच्या शेताच्या मालकाशी बोलून पाहतो, असे त्यांनी सांगितले आहे. पेट्रोल पंपावर स्वच्छतागृह, पिण्याचे पाणी आणि चाकांची हवा या सोयी मोफत द्याव्या लागतात, पंपावर इंधन भरत नसलो तरी त्या मागता येतात, आणि किल्ली मागायला संकोच वाटण्याचे कारण नाही. शेताच्या मालकाचे उत्तर येईपर्यंत बायकांनी औशातून निघताना पंपावर थांबून यावे आणि येथे आल्यावर ताकाचा दुसरा ग्लास जरूर घ्यावा.